झाकणाच्या आतली ओळ

कुपवाडच्या एमआयडीसीत, आमच्या शेडमध्ये
जपानहून भंगाराच्या भावात आलेली एक लेथ आहे.
बिरनाळे शेठनी ती लिलावात घेतली
तेव्हा तिच्याबरोबर पुस्तक नव्हतं,
फक्त अंगभर चिकटवलेले शब्द.

सहा वर्षं मी तिला बटणांच्या रंगांवरून ओळखलं.
लाल म्हणजे थांब. हिरवं म्हणजे चल.
पिवळं म्हणजे दस्तगीरला हाक मार.

पण पॅनेलच्या झाकणाला आतल्या बाजूनं
कुणीतरी मार्करनं एक ओळ लिहिलेली,
छापील नाही, हातची. शेवटचं अक्षर जरा घाईत.
"धोका आसंल बघ," दस्तगीर म्हणाला, "हात घालू नको."
मला ती ओळ झोपेत दिसायला लागली.

म्हणून, पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना,
मिरजेत सतारमेकर गल्लीत
खाली भोपळे तासतात त्या जिन्यानं वर चढून
मगदूम बाईंच्या वर्गात जाऊन बसलो.
शेजारी नर्सिंगच्या पोरी,
तिकडची म्हातारी माणसं सांभाळायला निघालेल्या.
माझ्या नखांत ग्रीस.

बाईंनी फळ्यावर काढलं अ, इ, उ, ए, ओ,
मग क, स, त, न, ह.
ही तर घरचीच वाट, फक्त मधली घरं पडलेली.
क ला कडेला दोन टोचे मारले की ग.
ह ला टोचे मारले की ब,
बारीक गोळा काढला की प.
काटकसरीचं काम. शेठना आवडलं असतं.

क्रम मोडायचा नाही, बाई बजावत,
आधी आडवी, मग उभी.
हे मला सांगावं लागलं नाही.
कूलंट न सोडता टूल लावणारा माणूस
माझ्या हाताखाली दोन दिवस टिकत नाही.

मग दुसरी लिपी आली, कोनाकोनाची, पत्रा कापल्यासारखी.
बाहेरून आलेल्या शब्दांना तिकडे हा वेगळा पोशाख.
आपल्याकडे टेबल, बटण, कुलूप
एकाच पंगतीला जेवतात.
दुसऱ्या दिवशी मशीनवरची पट्टी पुसली,
बोट ठेवून वाचली:
モーター. मोऽ. ताऽ.
मोटार!
सहा वर्षं ती मला मोटार म्हणत होती.

माझं नाव लिहायची वेळ आली तेव्हा बाई अडखळल्या.
ळ नाही त्यांच्यात. ल सुद्धा नाही, र वर भागवतात.
म्हणजे हळद नाही, गूळ नाही, वाळवा नाही.
コレカル, त्यांनी लिहिलं. कोरेकारु.
पोरी हसल्या. मीही हसलो,
पण परतीच्या बसमध्ये जीभ टाळूला लावून बघत राहिलो,
ळ, ळ,
आहे ना जागेवर.

तिसरीचं मात्र भय वाटलं. चित्रांची अक्षरं, हजारोंनी.
टाकीवरच्या एकापासून सुरुवात केली: 油.
डावीकडे तीन थेंब. तेल.
आमची टाकी गळकीच आहे,
अक्षराला ते आधीपासून ठाऊक.

दिवाळीच्या सुट्टीआधी झाकण उघडलं, टॉर्च धरला.
पहिलं お, कोपऱ्यात टिंब, रस्ता चुकलेल्या अनुस्वारासारखं.
शेवटची दोन, さ, ま.
मधलं एक चित्र अडलं.
वहीत उतरवून बाईंकडे नेलं.
त्या बराच वेळ वहीकडे बघत होत्या.
"हे वरून आलेलं छप्पर, ही आजाराची खूण," त्या म्हणाल्या,
"आणि तिच्याखाली कातडी.
थकणं.
काम संपलं की तिकडे एकमेकांना म्हणतात हे.
दमलात हो. खूप केलंत."

म्हणजे कुणीतरी,
लिलावाची गाडी दारात उभी असताना,
मार्कर हातात घेऊन
मशीनला

"काय निघालं?" दस्तगीरनं विचारलं. "धोकाच ना?"
"वायरिंगचं न्हाई," एवढंच म्हणालो.

शनिवारी पाळी सुटल्यावर
त्या ओळीखाली माझं नाव लिहिलं.
コ आणि カル त्यांच्या कोनांत.
मधला ळे आपला.